पुढे वाचणारी

१

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहा ते साडेबारा, मी एका बंद खोलीत बसून मोठ्याने वाचायची.

अंधांसाठीच्या ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर ती खोली आहे. भिंतींना राखाडी स्पंज, एकापाठोपाठ एक दोन दारं, मधे जाड काच. काचेच्या अलीकडे टेबल, त्यावर मऊ कापड अंथरलेलं, माइक आणि कोमट पाण्याचा पेला. काचेपलीकडे आमचे ध्वनिमुद्रक. त्यांना सगळे कानसेन म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर असेल, मी कधी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितले होते: वाजणारं काही अंगावर नको, कडक इस्त्रीचे कपडे नकोत, आणि रिकाम्या पोटी यायचं नाही. "माइकला तुमचं पोट आधी ऐकू येतं बाई, आवाज नंतर."

चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मला हे काम मिळालं. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्या शाळेतल्या मुलांसाठी मराठीत छोट्या करायच्या आणि वाचून ध्वनिमुद्रित करायच्या. सहाशे पानांची एकशेवीस पानं करायची. काय ठेवायचं नि काय गाळायचं हे मीच ठरवायची, आणि त्यात माझा हात चांगला बसला होता. आठ पुस्तकं झाली होती. ती अंध मुलामुलींच्या एका निवासी शाळेत जायची आणि प्रत्येक पुस्तकानंतर तिथल्या बाईंचा फोन यायचा. मुलांच्या शंका एकेक भारी असायच्या. इतकी वर्षं समुद्रावर राहून तो खलाशी पोहायला का शिकला नाही?

पण शाळेत जाण्याआधी प्रत्येक ध्वनिमुद्रण माझ्या ताईच्या कानाखालून जायचं. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती; माणसं चेहरा ओळखतात तसा ती आवाज ओळखायची. काचबिंदूने तिची दृष्टी नऊ वर्षांपूर्वी गेली. आम्ही दोघीच राहायचो. ती कानात इअरफोन घालून पलंगावर बसायची आणि संध्याकाळी मला चुका सांगायची. "छकुले, तिसऱ्या प्रकरणात 'समुद्र'च्या जागी 'समोर' वाचलंयस." बासष्टाव्या वर्षीही मी छकुलीच.

नववं पुस्तक सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. खाडीच्या तोंडावरच्या दीपगृहात राहणाऱ्या एका कुटुंबाची ती अमेरिकन कादंबरी. मी भाजी चिरत होते. आतून ताई म्हणाली, "पानं जरा हळू उलट गं. वाक्य संपायच्या आधीच पान उलटल्याचा आवाज येतो."

"बरं," मी म्हटलं आणि चिरत राहिले.

मग सुरी थांबली. मी पानं उलटतच नाही. माझ्यापुढे सुटे कागद असतात. वाचून झालेला कागद मी त्या कापडावरून बाजूला सरकवते, आणि त्याचा काही म्हणजे काही आवाज होत नाही.

२

शुक्रवारी मी कानसेनांना सांगितलं. त्यांनी मोठे हेडफोन लावले, डोळे मिटले आणि दहा मिनिटं दगडासारखे बसून राहिले.

"आहे," ते म्हणाले. "बांधलेल्या पुस्तकाचं पान आहे. जुनं पुस्तक, जाड कागद."

मी हसले. "कागदाचं वयही कळतं का तुम्हाला?"

"नव्या कागदाचा आवाज कोरा असतो बाई. हा मऊ झालाय, हाताळून हाताळून."

आम्ही खोली पिंजून काढली. हवेच्या नळीची जाळी काढली, टेबल उलटं केलं, स्पंजचा एक सुटलेला कोपरा चिकटवला. कपाट हलवून पाहिलं. कानसेन म्हणाले, "इथले उंदीर साक्षर झाले असतील. ग्रंथालयातलेच ते." मग ते प्रकरण मी पुन्हा वाचलं. शांत, संथ, हात मांडीवर ठेवून. कागद सरकवायलासुद्धा वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबले.

आम्ही दोघांनी मिळून ते ऐकलं. पान उलटल्याचा आवाज होता. दर दीड-दोन मिनिटांनी. एवढा वेळ लागतोच एक पान मोठ्याने वाचायला.

"यंत्रातला दोष असेल," मी म्हटलं. "जुनं काहीतरी पुसायचं राहिलं असेल."

"असेल," कानसेन म्हणाले. ज्या माणसाला आपल्या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू ठाऊक आहे त्याने इतक्या पटकन 'असेल' म्हणणं मला आवडलं नाही.

३

त्या कादंबरीत एक धाकटा भाऊ आहे, सहा वर्षांचा. मूळ पुस्तकात तो तापाने जातो. एक संपूर्ण प्रकरण आहे त्याचं. आई त्याच्या उशाशी बसून असते आणि बाहेर समुद्र खवळलेला, त्यामुळे डॉक्टरची होडी येऊ शकत नाही. मी ते सगळं गाळलं होतं. बारा वर्षांच्या मुलांना कशाला? मी त्या पोराला मामाकडे पाठवून दिलं होतं. एका वाक्यात काम झालं.

मंगळवारी दुपारी घरी आले तर ताई इअरफोन काढून हातात धरून बसली होती. गाल ओले होते.

"तो मामाकडे गेलाच नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"तो धाकटा. आई त्याच्या ओठांना ओलं फडकं लावत होती. तो विचारत होता, दिवा लागला का? दिवा तर त्याच्यासमोरच होता." ती थांबली. "तू खोटं का वाचलंस?"

मी पायातल्या चपला तशाच ठेवून कपाटापाशी गेले. मूळ पुस्तक काढलं. प्रकरण सतरा. फडकं होतं. दिवाही होता.

ताईला इंग्रजी येत नाही, म्हणजे एक्स्चेंजमधलं 'होल्ड ऑन प्लीज' आणि 'लाइन बिझी' एवढंच येतं. मी कधीतरी तिला सांगितलं असेल, असं मी मनाला समजावलं. जेवताना, बोलण्याच्या ओघात. माणूस काय काय बोलतो, सगळं थोडंच लक्षात राहतं?

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तिने वाचलं. तुझ्या मागून वाचते ती. म्हणजे आधी मागून यायची, आता पुढे गेलीय." ताईने डोकं किंचित कलतं केलं, कामावर असताना करायची तसं. "एक्स्चेंजमध्ये व्हायचं असं. एका लाइनीत दुसरी मिसळायची. पण ती माणसं वेगळी असायची. ही तूच आहेस."

मी तिच्या हातातून इअरफोन घेतला आणि कानाला लावला. माझा आवाज येत होता, मामाच्या गावाला निघालेली होडी, खळखळतं पाणी. एकदा पान उलटलं. बाकी काही नाही.

"ती काही गाळत नाही," ताई म्हणाली.

४

पुढच्या शुक्रवारी मी सातवं प्रकरण वाचत होते. मधेच काचेपलीकडे कानसेनांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. माझा हात वर गेला: काय झालं? दोन्ही दारं उघडून ते आत आले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"बाई, तुम्ही ताईंशी बोलत होतात का आत्ता?"

"मी वाचत होते."

"वाचत होतात ते मला दिसत होतं." त्यांनी कपाळ पुसलं. "दोन आवाज आहेत. दोन्ही तुमचेच. दुसरा जरा थकलेला आहे, म्हणजे खूप वेळ बोलल्यावर होतो तसा. पण मला त्याचं एवढं काही वाटत नाही."

"मग कशाचं वाटतंय?"

"खोलीचं." ते हळू बोलायला लागले. "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. हिची मी डोळे मिटून ओळखीन, अठरा वर्षं ऐकतोय. तो दुसरा आवाज इथला नाही. तिथे जाड पडदे आहेत. लाकडी पलंग आहे, कुणी कूस बदलली की करकरतो. आणि कुणीतरी ऐकत पडलंय. श्वास ऐकू येतो. मधे मधे अडकतो तो."

ताईच्या खोलीला जाड पडदे आहेत, रस्त्याचा आवाज नको म्हणून. कानसेन आमच्या घरी कधीच आलेले नव्हते.

"ताईंना दमा आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं आहे मग," ते म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर बरं काही नव्हतं. जाताना त्यांनी मला लाल बटण कसं दाबायचं, थांबवायचं कसं, ऐकायचं कसं, सगळं दाखवून ठेवलं. सोमवारपासून ते रजेवर गेले. किती दिवस, ते ग्रंथपालांनाही माहीत नव्हतं.

५

मी वाचन बंद केलं. दोन आठवडे ग्रंथालयात फिरकले नाही. घसा बसलाय असं कळवलं.

ताईला फरक पडला नाही. तिच्याकडे साडेसहा प्रकरणं होती, जेमतेम पावणेदोन तासांचं ध्वनिमुद्रण, पण ती सकाळी उठल्यापासून ऐकत बसायची. जेवणाचं ताट गार व्हायचं. हाक मारली तर हात वर करून थांब म्हणायची. तिसऱ्या दिवशी तिला खोकला लागला. पाचव्या दिवशी पलंगावरून उठताना दम लागायला लागला. आमचे डॉक्टर घरी येऊन गेले; वय झालंय म्हणाले, हवा बदलतेय म्हणाले.

"कितव्या प्रकरणावर आहेस?" एका दुपारी मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं.

"बाविसाव्या."

मूळ पुस्तकात एकतीस प्रकरणं आहेत. माझ्या पुस्तकात अठरा होणार होती.

मी तिच्या उशाशी ठेवलेला प्लेअर उचलला. पाठीमागचं झाकण काढलं, दोन्ही सेल हातात घेतले. ताईच्या कानात इअरफोन तसेच होते. ती मान डोलावत राहिली. मग हसली, बाविसाव्या प्रकरणात हसण्यासारखी एकच जागा आहे, म्हातारा नावाडी टोपी शोधतो ती.

मी इअरफोन ओढून काढले.

"दे इकडे!" ती ओरडली. तिला ओरडताना मी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं.

"ताई, यात सेलसुद्धा नाहीत. काही वाजत नाहीये. ऐक माझं, तुला भास होतायत."

"भास." ती पलंगावर मागे टेकली. श्वास जागेवर यायला वेळ लागला. "नऊ वर्षांपूर्वी त्या दवाखान्याच्या जिन्यात तू मला म्हणालीस, ऑपरेशननंतर दिसायला लागेल. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं?"

मी प्लेअरचं झाकण परत लावलं.

"दिसणार नाही हे तुला त्या दिवशीच माहीत होतं. मी सहा महिने रोज सकाळी डोळे उघडून वाट बघायची, छकुले. सहा महिने. तू तेही गाळलंस."

"तुला त्रास होऊ नये म्हणून."

"हो ना," ताई म्हणाली. "तुझं सगळं त्यासाठीच असतं." मग हात पुढे केला. "ती मला शेवटपर्यंत वाचून दाखवणार आहे. दे."

मी दिले. सेलशिवाय.

६

शुक्रवारी मी ग्रंथालयात गेले. काय करणार होते ते मला तरी कुठे ठाऊक होतं? घरी बसवत नव्हतं, एवढंच. साडेअकरा वाजले होते. खालच्या मजल्यावर कुणीतरी पुस्तकांवर शिक्के मारत होतं, त्याचा ठकठक आवाज पहिलं दार लावल्यावर कमी झाला आणि दुसरं लावल्यावर पुसला गेला.

काचेपलीकडे जाऊन मी लाल बटण दाबलं, परत येऊन माइकपुढे बसले. समोर कागद नव्हता. विद्यार्थ्याला कॉपी करताना पकडल्यावर निघायचा तसा आवाज काढायचा प्रयत्न केला.

"कोण आहेस तू? थांब. पुरे झालं आता."

दोन मिनिटं बसून राहिले. कानात फक्त माझं रक्त वाजत होतं. मग जाऊन थांबवलं, कानसेनांचे हेडफोन लावले आणि ऐकलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज. माझा श्वास. कोण आहेस तू, थांब, पुरे झालं आता. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा खूपच बारीक होता.

आणि ते मागे होतं. सारखं चालूच होतं, मीच ते इतके दिवस ऐकायचं टाळलं होतं की काय कोण जाणे. संथ, थोडं घोगरं झालेलं, एकही अक्षर न चुकवणारं माझं वाचन. लाटांचं वर्णन चाललं होतं. माझा प्रश्न संपला तसं ते वाचन थांबलं. अर्धं वाक्य तसंच राहिलं.

पलंग करकरला.

"ताई," माझा आवाज म्हणाला. तो माझ्याशी बोलत नव्हता. "थांबू का?"

मग लांबून, उशीत तोंड असल्यासारखा, ताईचा आवाज आला.

"नको गं. वाच."

७

मी घरी कशी पोचले ते नीट आठवत नाही. जिना चढताना एका शेजारणीने काहीतरी विचारलं, मी 'हो' म्हटलं.

दार उघडलं. घर शांत होतं. ताईच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि पडदे ओढलेले. मी दारातच थांबले. आत दुपारचा तपकिरी उजेड होता.

ताई कुशीवर झोपली होती, खुर्चीकडे तोंड करून. त्या खुर्चीवर बसून मी तिला पेपर वाचून दाखवायची. इअरफोन जमिनीवर पडले होते. ताईने हात पुढे केला होता आणि तो हात खुर्चीच्या वर, कुणाच्यातरी गुडघ्यावर ठेवावा तसा, अधांतरी टेकलेला होता. चांगला भार देऊन. त्या हाताला हवेत जराही थरथर नव्हती.

"ताई," मी म्हणाले.

तिने मान उचलली. तिचा चेहरा दाराकडे वळला नाही. तिने खुर्चीला विचारलं, "दारात कोण आहे गं?"

"मी आहे. ताई, मी, छकुली. मी आत्ता आले."

ताईने कान दिला. उत्तराची वाट बघितली. मग तिचं अंग सैल झालं आणि डोकं पुन्हा उशीवर गेलं.

"कुणी नाही ना? मग वाच."

८

ताई त्यानंतर अकरा दिवस होती.

त्या अकरा दिवसांत तिने माझा एक शब्द ऐकला नाही. डॉक्टर आले तर त्यांच्याशी नीट बोलायची. "बहीण वाचतेय, तिला थांबवू नका," म्हणायची. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणायचे, "वाचा ना मग तुम्ही, त्यांना बरं वाटेल." मी भरवलं की ती जेवायची आणि खुर्चीला सांगायची, मीठ जरा कमी आहे. मी तिचा हात धरला तर म्हणायची, "गार वारा येतोय, पडदा ओढ." पडदा मी ओढायची. "हां, आता बरं," ती म्हणायची, खुर्चीला.

मी दारातून बोलले, तिच्या कानाशी बोलले, रडले, शेवटी शेवटी ओरडलेसुद्धा. सांगायचं होतं ते सगळं सांगितलं, जिन्यातलं, त्या सहा महिन्यांचं, माफी मागितली. खुर्चीत बसायचा धीर मला एकदाही झाला नाही. खुर्ची रिकामी होती. मी ती रोज पुसायची, तेव्हा फडकं कुठेच अडखळत नव्हतं. तरी नाही झाला.

अकराव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, ताई म्हणाली, "संपलं?" मग थोडं थांबून, "बरं." हात मागे घेतला आणि चादरीत ठेवला. ती गेली हे कळायला मला बराच वेळ लागला.

तीन आठवड्यांनी फोन वाजला. निवासी शाळेतल्या बाई होत्या. त्यांचा आवाज आनंदाने भरला होता.

"दीपगृहाचं पुस्तक मिळालं हो! एकतीस प्रकरणं! पहिल्यांदाच काही न कापता दिलंत. मुलं रडली खूप, पण आठ दिवसांत ऐकून काढलं. तो धाकटा भाऊ जातो तिथे तर वर्गात कुणी बोलेचना."

मी पाठवलं नव्हतं. मी कुणालाच काही पाठवलं नव्हतं. मी फक्त 'हं' म्हटलं.

"एक विचारायचं होतं. शेवटच्या काही प्रकरणांत मागे कुणीतरी बाई सारखी हाका मारत असते. 'ताई, मी आहे, मी इथेच आहे' असं. फार कळवळून. पुस्तकात तर तसं कुणी नाही. मुली विचारतायत, ती कोण? आणि वाचणाऱ्या बाई तिला आत का बोलवत नाहीत?"

"मी..." मी म्हणाले.

पलीकडे त्या क्षणभर घुटमळल्या. आठ पुस्तकांनंतर आठ वेळा त्या माझ्याशी अर्धा अर्धा तास बोलल्या होत्या.

"माफ करा, आपण कोण बोलताय?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं बाईच आहेत. त्या घरात असतील तर त्यांना एवढं विचाराल का, प्लीज?"

"विचारते," मी म्हणाले आणि फोन हातात तसाच धरून ताईच्या खोलीकडे गेले.